नेट १९ सेंटिमीटर वर

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाची यादी हातात आली की माझी नजर सरळ शेवटच्या रकान्यावर जाते. नंबर, नाव, उंची, खेळायची जागा, कितवं वर्ष, आणि सगळ्यात शेवटी गाव आणि शाळा. शेजारी बसलेले लोक उंचीचा रकाना वाचून एकमेकांना कोपर मारतात. सहा फूट आठ, सहा फूट दहा. मी गावं वाचतो. 'मूळचे कुठले?' ही आपली जुनी खोड, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात निम्मं आयुष्य गेलं तरी सुटलेली नाही. मंडळाच्या गणपतीत नवा माणूस भेटला की मी त्याच्या नोकरीच्या आधी त्याचं गाव विचारतो. वाई, कराड, बार्शी असं काही निघालं की अर्धी ओळख तिथेच होते. इथल्या पोरांच्या बाबतीतही मी तेच करतो, फक्त मनातल्या मनात.

अशा याद्या वाचत गेलं की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पन्नास राज्यांचा हा अवाढव्य देश पुरुषांच्या कॉलेज व्हॉलीबॉलपुरता अगदी लहान आहे. हंटिंग्टन बीच, न्यूपोर्ट बीच, मॅनहॅटन बीच, सॅन डिएगो, होनोलुलू. मग मधली सगळी राज्यं ओलांडून एकदम शिकागोची उपनगरं. थोडं ओहायो, थोडं पेनसिल्व्हेनिया, बफेलोकडचं न्यूयॉर्क, पोर्टो रिको. टेक्सासची नावं हल्ली हल्ली दिसायला लागली आहेत, पण राज्याच्या आकाराच्या मानाने किरकोळच. अलाबामा नि मिसिसिपी शोधत बसा. टेक्सासात तीन कोटी माणसं राहतात. तिथे उंच मुलगे जन्मालाच येत नाहीत असं थोडंच आहे?

माझा मुलगा शाळेच्या संघात खेळायला लागला आणि हा प्रश्न माझ्यामागे लागला. तो काही उंच नाही, आमच्या घरात कोणी उंच नाही. तो लिबेरो आहे, म्हणजे मागे राहून जमिनीवर आपटणारा चेंडू उचलणारा. पण संघातली बाकीची पोरं, त्यांचे आईबाप, क्लबचे कोच यांच्याशी गप्पा मारता मारता या खेळाचा नकाशा उलगडत गेला.

आधी हा पसारा किती छोटा आहे ते सांगतो. कॉलेजच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये बायकांचे व्हॉलीबॉल संघ सव्वातीनशेच्या वर आहेत, पुरुषांचे तिसाच्या आसपास. २०२५ पर्यंत नियम असा होता की बायकांच्या संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्या आणि पुरुषांच्या संघाला साडेचार. साडेचार! अठरा-वीस पोरांच्या संघात त्या वाटायच्या. कोणाला पाव, कोणाला अर्धी, कोणाला नुसतीच पाठीवर थाप. कारण साधं आहे. १९७२ च्या कायद्याने मुलामुलींना खेळाच्या संधी बरोबरीने द्यायच्या ठरल्या, ते योग्यच झालं. पण एकटं अमेरिकन फुटबॉल ८५ शिष्यवृत्त्या खाऊन बसायचं, तेव्हा हिशेब जुळवायला मुलग्यांच्या छोट्या खेळांना कात्री लागायची. दोष कायद्याला देतात, मी फुटबॉलला देतो. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही २०२० च्या जुलैत ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात पुरुषांचं व्हॉलीबॉल होतं. माजी खेळाडूंनी आकाशपाताळ एक केलं तेव्हा २०२१ च्या मे महिन्यात निर्णय मागे घेतला.

पैसे असे चिमूटभर असले की पोरगा घराजवळच्या कॉलेजात जातो. आपल्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात फी कमी, परराज्याला जास्त. त्यामुळे जिथे पोरं भरपूर तिथेच कॉलेजं बलवान, आणि जिथे कॉलेजं बलवान तिथे शाळकरी पोरांना पुढे काहीतरी दिसतं. हे चक्र कॅलिफोर्नियात सगळ्यात आधी फिरायला लागलं आणि पंचवीसेक वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. राष्ट्रीय स्पर्धा १९७० ला सुरू झाली, पहिलं विजेतेपद यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचं. तिथपासून १९९३ पर्यंतचं प्रत्येक विजेतेपद कॅलिफोर्नियातच राहिलं: यूसीएलए, यूएससी, पेपरडाइन, सॅन डिएगो स्टेट, लाँग बीच. यूसीएलएचे अल स्केट्स १९६३ ते २०१२ कोच होते आणि त्यांनी १९ विजेतेपदं मिळवली. आपल्याकडे तालमीतले वस्ताद असे पिढ्या पोसतात.

कॅलिफोर्नियाबद्दल सगळे एकच उत्तर देतात, समुद्र. ते खोटं नाही. मॅनहॅटन बीचला मी मुद्दाम गेलो होतो. तिथल्या धक्क्यावर, पाण्यात शिरणाऱ्या त्या लांब पुलावर, जमिनीत धातूच्या पाट्या बसवल्यात. १९६० पासून तिथे जी मोठी स्पर्धा होते तिच्या विजेत्यांची नावं त्यांवर आहेत. लोक आइस्क्रीम खात त्यांवरून चालत जातात. खाली वाळूत नेटच नेट, कायमचे खांब रोवलेले. एका नेटवर दोन पोरं आणि दोन म्हातारे खेळत होते. म्हातारे म्हणजे माझ्याहून मोठे, सत्तरीकडे झुकलेले, टक्कल उन्हाने तांबूस झालेलं. त्यांच्यातला एक उडी मारतच नव्हता. नेटजवळ उभा राहून बोटांच्या टोकांनी चेंडू असा ढकलायचा की पोरं एकदा डावीकडे पडायची, एकदा उजवीकडे. पोरं हरली, पाणी प्यायली आणि पुन्हा उभी राहिली. तासभर मी ते बघत होतो.

वाळूत दोघंच असतात ही त्यातली खरी गोम. सहा जणांच्या खेळात उंच पोराला कोच नेटजवळ उभा करतो आणि सांगतो, तू फक्त ब्लॉक कर. पोरगा जन्मात पास द्यायला शिकत नाही. वाळूत प्रत्येक दुसरा चेंडू तुमचाच, सर्व्हिस तुम्ही, पास तुम्ही, बूस्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारे, तुम्ही आणि स्मॅशही तुम्हीच. वारा आहे, ऊन डोळ्यात आहे, पाय रुततोय. असा तयार झालेला पोरगा लाकडी कोर्टवर आला की त्याला सगळंच सोपं वाटतं. कार्च किराय हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. सांता बार्बराचा, यूसीएलएकडून तीन विजेतेपदं, ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, दोन कोर्टवरची आणि एक वाळूवरचं. जगात दोन्हीकडे सुवर्ण मिळवणारा तो एकटाच.

पण किरायला 'मूळचे कुठले?' विचारा. जन्म मिशिगनमधला. वडील हंगेरीचे, तिथल्या ज्युनियर राष्ट्रीय संघातून खेळलेले, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून आलेले. वडिलांनी पोराला वाळूत आणलं आणि अकराव्या वर्षी त्याला जोडीला घेऊन मोठ्या माणसांच्या स्पर्धेत उतरले. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या समुद्रावरचा सगळ्यात मोठा खेळाडू हंगेरीच्या एका निर्वासिताच्या हौसेतून आलाय. समुद्र होताच, पण समुद्र फ्लोरिडालाही आहे, जॉर्जियालाही आहे.

हवाईचं तर याहून गमतीचं. तिथे वायकीकीच्या आउटरिगर कनू क्लबमध्ये १९१५ साली वाळूत व्हॉलीबॉल खेळले असं सांगतात, म्हणजे कॅलिफोर्नियाच्याही आधी. सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या चौदा-साडेचौदा लाख, २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या नाशिक शहराएवढी. आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलेल्या अमेरिकेच्या पुरुष संघात एकट्या ओआहू बेटावरचे तिघं होते: मायका क्रिस्टेन्सन, एरिक शोजी आणि मायका माआ. दोन बूस्टर आणि एक लिबेरो. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. बेटावरची पोरं सरासरीने बुटकी, जपानी, हवाईयन, फिलिपिनो, पोर्तुगीज रक्ताची सरमिसळ. स्मॅशर ती होणार नाहीत हे त्यांना लहानपणीच कळतं, मग ती हात घोटतात. एरिकचे वडील डेव्ह शोजी हवाई विद्यापीठाच्या बायकांच्या संघाचे माजी कोच, चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले. एरिक आणि त्याचा भाऊ कविका बापाच्या जिममध्ये चेंडू गोळा करत वाढले. दोघं होनोलुलूहून स्टॅनफर्डला गेले, २०१० चं विजेतेपद घेतलं, आणि रिओ ऑलिंपिकमध्ये एकाच संघात कांस्य घेऊन उभे राहिले. मुलाला मी एरिकचे व्हिडिओ दाखवतो. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही दाखवायच्या आधीच मी बघितलेत."

गंमत पुढे आहे. बेटावरची अशी पोरं मुख्य भूमीवरच्या कॉलेजांत जातात, आणि हवाई विद्यापीठ आपले उंच स्मॅशर युरोपातून आणतं. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी मिळवली तेव्हा संघात बल्गेरियाचा पारापुनोव, नॉर्वेचा थेल, ग्रीसचे मुख्लियास आणि खाकास होते. आणि त्यांना बघायला दहा हजारांच्या स्टेडियममध्ये गर्दी. देशात पुरुषांच्या व्हॉलीबॉलला दुसरीकडे कुठेही एवढे लोक येत नाहीत. लेई, म्हणजे फुलांचे हार, घालून पोरांना मिरवतात. अख्ख्या बेटाला तोच एक घरचा संघ.

आता शिकागो. इथे ना वाळूची संस्कृती, ना डिसेंबरात घराबाहेर पडायची सोय. तळ्याकाठी उन्हाळ्यात नेट लागतात, पण ते नोकरदारांचं बिअर पिण्याचं निमित्त. तरी आमच्या शेजारच्या व्हीटन गावातून शॉन रूनी निघाला, जो २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेऊन आला. आणि त्याच शाळेतून थॉमस येश्की, रिओचं कांस्य. लोयोला विद्यापीठाने २०१४ ला स्टॅनफर्डला हरवून विजेतेपद मिळवलं ते इथेच, तळ्याकाठच्या आपल्या छोट्याशा जिममध्ये. पुढच्या वर्षी अंतिम सामना होता स्टॅनफर्डला, थेट कॅलिफोर्नियाच्या घरात, आणि कोर्टवर आमनेसामने कोण, तर लोयोला आणि लुईस. दोन्ही शिकागोकडचे. पाच सेटनंतर लोयोला जिंकलं. यजमानांनी मांडव घालायचा आणि दोन्हीकडची वऱ्हाडं परगावची, असा प्रकार.

हे कसं झालं, याचं उत्तर मला एका शाळेच्या जिममध्ये मिळालं, आणि ते इतकं रुक्ष आहे की सांगायला लाज वाटते. इथे मुलींचं व्हॉलीबॉल शरद ऋतूत असतं, ऑगस्ट ते नोव्हेंबर. मुलग्यांचं वसंतात, मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. मार्चच्या पहिल्या सोमवारी, बाहेर फुटपाथवर काळा पडलेला बर्फ अजून साचलेला असताना, मुलग्यांचा सराव सुरू होतो. मी मुलाला सोडायला लवकर पोचलो होतो. कोच बाई एकट्याच होत्या. नोव्हेंबरपर्यंत मुलींनाही त्याच शिकवत होत्या. त्यांनी कोठीतून खांब ढकलत आणले, लाकडी फरशीतली पितळी झाकणं पायाच्या टाचेने उघडली, खांब भोकांत सोडले. नेट लावलं. खांबावर रंगीत टेपच्या दोन खुणा होत्या, खालची गुलाबी, वरची निळी, आणि निळी बरीच फिकट झालेली. बाईंनी हँडल फिरवलं, नेट कुरकुरत वर गेलं, गुलाबी खुणेवरून निळीवर. मुलींचं नेट २.२४ मीटर, मुलग्यांचं २.४३. एकोणीस सेंटिमीटर. एक वीत. मग त्यांनी दोन्ही बाजूंचे अँटेना बांधले आणि मला म्हणाल्या, "झाला हंगाम सुरू."

जिम तेच, खांब तेच, चेंडूंची गाडी तीच, पंच तेच, कोचही तीच. इलिनॉयच्या शाळा संघटनेने १९९२ पासून मुलग्यांची राज्यस्पर्धा भरवायला सुरुवात केली, त्यामुळे वसंतात तेच सामान पुन्हा बाहेर काढायला सगळ्या शाळांना कारण मिळालं. बाकी खर्च म्हणाल तर जर्सी आणि बस. कॅलिफोर्निया, हवाई, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ज्या ज्या राज्यांची गावं त्या शेवटच्या रकान्यात दिसतात, तिथे तिथे शाळांनी कधीतरी नेट ही वीतभर वर घेतलं आहे. टेक्सासात शाळांच्या खेळांची जी मोठी संघटना आहे, यूआयएल, ती मुलग्यांचं व्हॉलीबॉल घेतच नाही. मुलींचं मात्र तिथे जोरात. टेक्सास विद्यापीठाच्या मुलींनी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. शेकडो शाळांमध्ये खांब, नेट, कोच सगळं आहे. नोव्हेंबरात ते कोठीत जातं आणि पुढच्या हंगामापर्यंत तिथेच राहतं. सहा फूट सहा इंचांचा टेक्सासचा पोरगा मग बास्केटबॉल खेळतो, नाहीतर फुटबॉलमध्ये आपले गुडघे घालवतो.

म्हणून प्रतिभा अमुक भागातून येते असं कोणी म्हटलं की मला जरा राग येतो. मातीला श्रेय देऊन आपण माणसांचे निर्णय झाकतो. २०२३–२४ मध्ये देशभरातल्या शाळांत साडेचार लाखांहून जास्त मुली व्हॉलीबॉल खेळल्या. मुलग्यांचा आकडा लाखाच्या आत. त्यातले बरेच बहिणीच्या सामन्यांना आईने ओढून नेलेले असतात. आमच्या संघातल्या पोरांना विचारलं तर निम्म्यांची सुरुवात अशीच, बाकावर कंटाळून बसलेले असताना बाजूला पडलेला चेंडू उचलण्यातून. बहीण खेळत असेल आणि शाळेत मुलग्यांचा संघ असेल, तर एक खेळाडू तयार होतो. बहीण खेळत असेल आणि संघ नसेल, तर एक बऱ्यापैकी प्रेक्षक तयार होतो.

अर्थात माझ्या या सिद्धांताला खिंडारंही आहेत. ओहायोच्या शाळा संघटनेने मुलग्यांच्या व्हॉलीबॉलला मान्यता दिली ती २०२२–२३ च्या हंगामापासून. पण ओहायो स्टेटने त्याआधीच २०११, २०१६ आणि २०१७ ला राष्ट्रीय विजेतेपदं घेतली होती, आणि सिनसिनाटीचा मॅक्स होल्ट त्याच्या कितीतरी आधी पेन स्टेटकडून खेळून राष्ट्रीय संघात गेला होता. कारण तिथे कॅथलिक शाळांनी आणि पालकांनी मान्यतेची वाट न बघता आपापसात स्पर्धा चालवल्या. मिनेसोटात हंगाम अधिकृत झाला २०२५ च्या वसंतात. त्याआधी तो वर्षानुवर्षं क्लबच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी ओढला, आणि त्यात ह्मोंग घरांतली पोरं मोठ्या संख्येने होती. लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेल्या लोकांची ही मुलं, नातवंडं.

यूटाचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे मुलग्यांचं शालेय व्हॉलीबॉल २०२४ मध्ये सुरू झालं, आणि प्रोव्होच्या बीवाययूची, म्हणजे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची, विजेतेपदं १९९९, २००१ आणि २००४ ची. ते मॉर्मन पंथाचं विद्यापीठ. त्यांचे खेळाडू कॅलिफोर्नियातले, हवाईतले, पोर्टो रिकोतले, ब्राझीलमधले. कित्येक जण मध्ये दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात आणि खांदे रुंदावून परततात. त्या संघाचं गाव कुठलं म्हणायचं? एका चर्चचा पत्ता, झालं. पेन स्टेटने १९९४ ला यूसीएलएला हरवून कॅलिफोर्नियाची मक्तेदारी पहिल्यांदा मोडली. खुद्द खेळाचा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओकचा, १८९५ चा, वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकाच्या डोक्यातला. बास्केटबॉल मध्यमवयीन व्यापाऱ्यांना झेपत नव्हतं म्हणून त्याने हे काढलं. शेजारचं स्प्रिंगफील्ड कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमध्ये अजून दादा आहे. २०१२ ला त्या डिव्हिजनची स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिली तिन्ही वर्षं त्यांचीच. बाकी जन्मगावाला फारसं काही मिळालं नाही.

हे सगळं मला ओळखीचं का वाटतं, तर मी ज्या कॉलेजातून खेळलो तिथेही असंच होतं. सातारा जिल्ह्यातलं ते एक साधं कॉलेज. आमच्या संघातली जवळजवळ सगळी पोरं एकाच रस्त्यावरच्या तीन गावांतली. लोक म्हणायचे, तिकडचं पाणीच तसं. पाणी धरणाचं होतं, आम्ही सगळेच ते पीत होतो. त्या तीन गावांच्या मधल्या हायस्कुलात एक पीटीचे सर होते, जे रोज संध्याकाळी स्वतः फक्की मारून मैदान आखायचे आणि नेट बांधायचे. नेट कसलं, सुतळीने ठिकठिकाणी गाठी मारलेलं. सरांची बदली झाली आणि चारपाच वर्षांत त्या रस्त्यावरून कॉलेजच्या संघात कोणी येईनासं झालं. मग गावातली तीच पोरं टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धांत बक्षिसाचे बोकड जिंकायला लागली. केरळात पेरावूरला जिमी जॉर्ज झाला, इटलीत जाऊन व्यावसायिक खेळणारा पहिला भारतीय. तो आणि त्याचे सातही भाऊ व्हॉलीबॉल खेळायचे. एका घरातून आठ. त्या घराच्या चारही बाजूंना तोच पाऊस पडत होता आणि तीच नारळाची झाडं होती.

अलीकडे इथल्या पालकांत एक कुरकुर ऐकू येते, परदेशी पोरांची. लाँग बीच स्टेटने २०२५ ला यूसीएलएला हरवून विजेतेपद घेतलं, त्यांचा बूस्टर मोनी निकोलोव बल्गेरियाचा, पहिल्याच वर्षाला. त्याचा मोठा भाऊ अलेक्स २०२२ ला त्याच कॉलेजातून वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. दोघांचे वडील बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघातले नावाजलेले खेळाडू. २०२५ च्याच सप्टेंबरात जागतिक स्पर्धेत बल्गेरिया अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि रौप्य घेऊन आला, दोन्ही भाऊ संघात. बाकावर माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ म्हणतात, आमच्या पोरांच्या जागा हे खातात. मी त्यांना फार काही बोलत नाही. बाहेरून येऊन जागा 'खाणाऱ्यांपैकी' मी एक, आणि त्यांचे आजोबा पोलंडहून आलेले. शिवाय कॉलेज संपलं की यांचीच पोरं पैसे मिळवायला पोलंड, इटली नि जर्मनीला जातात. तिथल्या पोरांच्या जागांचं काय? पण हेही खरं की जागाच इतक्या थोड्या आहेत की पंक्तीला एक पाहुणा वाढला तरी घरच्याला उठावं लागतं. भांडण पाहुण्याशी घालायचं की पंगत लहान ठेवणाऱ्याशी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

माझ्या मुलाला पहिल्या डिव्हिजनची स्वप्नं नाहीत. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये शिष्यवृत्ती नसते, पण लिबेरोला वाव असतो. त्याने विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीकडच्या आणि न्यूयॉर्कच्या काही कोचना व्हिडिओ पाठवलेत. हिला काळजी आहे की तो व्हॉलीबॉलसाठी कॉलेज निवडेल आणि अभ्यासाचं बघणारच नाही. माझं म्हणणं, निवडू दे.

मला जास्त काळजी आहे ती भाच्याची. माझी ताई डॅलसच्या उत्तरेला राहते. भाची शाळेच्या संघात खेळते, फुकट, शाळेच्या बसने जाते-येते, शुक्रवारी बँड वाजतो. भाचा तिच्याहून दोन वर्षांनी लहान, वडिलांच्या बाजूने उंची आलेली, सहा फूट तीन आणि अजून वाढतोय. बहिणीचे सामने बघून त्याला हाच खेळ खेळायचाय. शाळेत संघ नाही. मग क्लब. क्लबची फी वर्षाला काही हजार डॉलर, सराव गाडीने तासभर लांब, शनिवार-रविवार स्पर्धा कधी ऑस्टिनला तर कधी ह्यूस्टनला. मेहुणे म्हणतात, एवढ्यात बास्केटबॉल खेळला असता तर शाळेनेच बूट दिले असते.

ताई गप्प बसणारी नाही. ती शाळा मंडळाच्या बैठकीत गेली. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला देतात. तिने सांगितलं की खांब तुमच्याकडे आहेत, नेट आहे, जिम मार्चमध्ये संध्याकाळी साडेपाचनंतर रिकामं असतं, मी स्वतः जाऊन बघून आलेय. निदान क्लब म्हणून तरी सुरू करा, राज्याच्या मान्यतेचं नंतर बघू. मंडळाने आभार मानले आणि पुढच्या माणसाला बोलावलं, त्याची तक्रार पार्किंगबद्दल होती. ताईने मला फोन करून इलिनॉय आणि ओहायोत हे कसं सुरू झालं त्याची सगळी माहिती मागून घेतली, तारखांसकट. पुढच्या बैठकीला तिने परत नाव नोंदवलंय. या वेळी भाचीच्या संघातल्या आणखी चार मुलींच्या आया तिच्याबरोबर येणार आहेत, दोघी पंजाबी, एक व्हिएतनामी आणि एक तिथलीच, जिला तीन मुलगे आहेत. पाच जणींची मिळून पंधरा मिनिटं होतात, असं ताई म्हणाली.